पाच हक्क

तिसऱ्या पाळीत रात्री दोनला पंधरा मिनिटांची सुटी होते. आम्ही साचेखात्यातून बाहेर येतो, अंगावरची रुई झटकतो आणि कॅन्टीनच्या पायरीवर बसतो. अशाच एका रात्री फोन वाजला. धाकट्या बहिणीचा. रात्री दोनचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच आमच्या घराला माहीत. मी उचलला तर पलीकडून नुसता श्वास. लांबून पळत आल्यासारखा. मग म्हणाली, "दादा, मला न्हाई जमायचं. उद्या सकाळच्या गाडीनं घरला येतो."

आमच्या इचलकरंजी-कोल्हापूरकडं पोरीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. ती पुण्यात नर्सिंगला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात ह्यावरूनच हसले तिला. तेव्हापासून हॉस्टेलवर ती कमी बोलायला लागली होती. आम्हाला वाटलं, पोरगी अभ्यासात असेल.

आता आमची थोडी ओळख. मी सूतगिरणीत डॉफर आहे. साच्यावरची बॉबिन भरली की काढायची, रिकामी लावायची. आठ तास तेच. दहावीला इंग्रजीत गेलो आणि शाळा सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रद्दीच्या दुकानात, विहारातल्या कपाटात आणि रातपाळीच्या कंटाळ्यात. कविता लिहितो, त्या तुम्हाला ठाऊक आहेत. आई एका खाजगी दवाखान्यात 'मावशी' आहे. दवाखान्यात दोन नाती असतात. जी बेडपॅन धुते ती मावशी, जी इंजेक्शन देते ती सिस्टर. आईनं अकरा वर्षं मावशीपण केलं आणि एकच हट्ट धरला, पोरगी सिस्टर होणार. बारावी झाली, जीएनएमला नंबर लागला. त्या दिवशी आईनं दवाखान्यात पेढे वाटले. काहींनी घेतले, काहींनी नंतर खातो म्हणून टेबलावर ठेवले. ते पेढे संध्याकाळी तिथंच होते. आईनंच टेबल पुसताना उचलले.

तर त्या रात्री मी काय केलं? भाषण केलं. कॅन्टीनच्या पायरीवर उभं राहून. "अगं, आपण कुणाची लेकरं? बाबासाहेब परदेशात एकटे शिकले. रमाईनं शेण्या थापल्या. आणि तू चार पोरी हसल्या म्हणून पळून येतीस?" पंधरा मिनिटं संपली, भोंगा झाला. ती एवढंच म्हणाली, "व्हय दादा." आणि फोन ठेवला.

साच्यावर परत गेलो. हात चालत होते, डोकं नव्हतं. मला 2019 सालचा मे महिना आठवला. मुंबईत डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घेणारी पायल तडवी, आदिवासी घरातली लेक, तिनं आपला जीव संपवला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, कोर्टात खटला उभा राहिला. आपण मोर्चे काढले, मीही गेलो होतो. तिचा फोटो हातात धरून चाललो होतो. आणि आज माझ्याच बहिणीनं रात्री दोनला फोन केला तर मी तिला इतिहास सांगितला. मित्रहो, ही लाज मी इथं लिहून ठेवतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला ती येईल.

सकाळी पाळी सुटली. खाडा टाकला आणि पुण्याची एसटी धरली.

हॉस्टेलच्या आत पुरुषांना सोडत नाहीत, भाऊ असला तरी. रस्त्यापलीकडं चहाची टपरी आणि एक वडाचं झाड आहे, तिथं बसलो. ती आली. बारीक झालेली. हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, छातीशी धरलेलं. एवढ्या गरमीत हात गार.

ह्या वेळी मी काही सांगितलं नाही. विचारलं, "काय झालं?" आणि चहा संपेपर्यंत गप्प बसलो. ते लई अवघड गेलं मला.

झालं होतं असं. पहिल्याच वर्षी नर्सिंगच्या मूळ पुस्तकात औषधांचा भाग आहे. औषध म्हणजे काय, ते शरीरात जातं कसं, काम कुठं करतं, बाहेर कसं पडतं, मात्रा कशी काढायची, कुठल्या मार्गानं द्यायचं. त्या शास्त्राला फार्माकॉलॉजी म्हणतात. नावं सगळी इंग्रजी, लॅटिन. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरगी. वॉर्डात एका सकाळी राउंडच्या वेळी सिस्टरनं सगळ्यांसमोर तिला एका गोळीची मात्रा विचारली. तिला येत होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. जीभ टाळूला चिकटली. हात असा कापायला लागला की ट्रेमधल्या काचेच्या कुप्या एकमेकींवर वाजायला लागल्या. तेवढ्यात कुणीतरी मागून म्हणालं, "कोट्यातून घेतलं की हे असंच." कोण म्हणालं ते तिला दिसलं नाही. तिनं मागं वळून बघितलंच नाही.

त्या दिवसापासून वॉर्डाच्या दाराशी पोचली की छातीत धडधड. घाम. पोटात कळ. दोनदा बाथरूममध्ये जाऊन ओकली. रात्री झोप नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला वाटत होतं की आपण मरणार, हृदय बंद पडणार. आदल्या रात्री तेच झालं, म्हणून तो फोन.

"दादा, मी भित्री हाय का रे?"

मी उत्तर दिलं नाही. मला येत नव्हतं. म्हटलं, पुस्तक उघड, कुठलंही पान. तिनं जे पान उघडलं ते ॲड्रिनॅलिनचं होतं. हे मी सोय म्हणून सांगत नाही. तिथं बोट घालूनच ती आली होती, दुसऱ्या दिवशी तेच विचारणार होते.

आम्ही दोघांनी ते वाचलं. मी शब्दकोश घेऊन, ती पेन्सिल घेऊन. मूत्रपिंडावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्या रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. मग हृदय जोरात पळतं. श्वासनळ्या रुंद होतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. रक्त आतड्याकडून हातापायांच्या स्नायूंकडं वळतं. पोटाचं काम मंदावतं. यकृत साखर सोडतं. त्याच वेळी तोंड कोरडं पडतं, तळव्याला घाम येतो. सगळं कशासाठी? लढायला नाहीतर पळायला.

ती वाचता वाचता थांबली. पेन्सिल तिथंच. म्हणाली, "दादा, हे तर माझंच लिवलंय."

खरंच तिचंच लिहिलं होतं. तोंड कोरडं, हात गार, पोट ढवळणं, छाती. एकेक लक्षण तिनं आपल्या अंगावर तपासलं. हृदय बंद पडत नव्हतं. हृदय आपलं काम जास्तीचं करत होतं. पुढं लिहिलं होतं की हेच ॲड्रिनॅलिन इंजेक्शन म्हणून देतात. एखाद्याला औषधाची जीवघेणी रिॲक्शन आली, श्वास कोंडला, तर पहिलं औषध हेच. थांबलेलं हृदय चालू करायच्या धडपडीतही हेच टोचतात.

आणि खरं सांगू? मलाही माझंच लिहिल्यासारखं वाटलं. गिरणीत बदली म्हणून लागलो तेव्हा जॉबरनं लांबून नुसतं माझं नाव पुकारलं तरी हेच व्हायचं. मला वाटायचं, हे आपलं भेकडपण. त्याच्यावर मी कविता लिहायचो, आगीच्या, वणव्याच्या. वह्या भरल्या. पण ह्या धडधडीची एक ओळ कुठं लिहिली नाही. क्रांतीच्या कवितेत हात कापलेला चालत नाही असं मला वाटत होतं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट अजून फिरते. ही ग्रंथी सगळ्यांना सारखीच आहे, सवर्णालाही आणि आपल्यालाही. पण ती कुणाच्या अंगात किती वेळा वाजवली गेली, हा प्रश्न त्या पुस्तकात नाही. ज्याच्या आज्याला सावली पडली म्हणून मार बसला, ज्याच्या आईला काम जाईल म्हणून मान खाली घालावी लागली, त्याच्या घरात 'गप्प बस' हेच पहिलं औषध. लहानपणापासून पाजलेलं. आमच्या आईनंही पाजलं. शाळेत पाठवताना ती सांगायची, "कुणी काय बोललं तर उलटून विचारू नको." तिचं चुकलं म्हणत नाही मी. त्या दिवसात त्यानंच जीव वाचत होता.

पण वॉर्डात हे औषध उलटं चालतं. तिथं न विचारणाऱ्यामुळं माणूस मरतो. ते कसं, ते पुढं सांगतो.

त्या दिवशी झाडाखाली आम्ही अजून दोन गोष्टी वाचल्या. एक म्हणजे औषध देण्याचा नियम. इंग्रजीत लिहिलं होतं, फाइव्ह राइट्स. मी लगेच मराठी केलं, "औषधाचे पाच हक्क." ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. "अरे दादा, राइट म्हंजे हितं बरोबर. बरोबर माणूस, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ." माझं इंग्रजी तिथंच उघडं पडलं. पण खाली बघितलं तर पुढं आणखी जोडलेले होते. नोंद बरोबर करणं. आणि शेवटी एक होता, रोग्याला औषध नाकारण्याचा. तो मात्र हक्कच निघाला. म्हटलं बघ, एक तरी माझा खरा झाला. आणि मला अजूनही वाटतं की पाचही हक्कच आहेत. बरोबर औषध मिळणं हा खाटेवरच्या माणसाचा हक्क नाही तर काय?

दुसरी गोष्ट नावांची. नावं पाठ होत नाहीत म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी यादी बघितली आणि गिरणीतल्या डोळ्यानं बघितली. नावांच्या शेपट्या सारख्या दिसत होत्या. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल. एनालाप्रिल, रॅमिप्रिल. ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन. मी म्हणालो, ही तर आडनावं आहेत. ती म्हणाली, व्हय, मॅडम पण म्हणाल्या होत्या, शेवट बघा म्हणून. ज्याच्या शेवटी ओलोल, तो हृदयाचा वेग कमी करणाऱ्यांतला. प्रिलवाले रक्तदाब उतरवणारे, त्यांच्यामुळं काहींना कोरडा खोकला लागतो. सिलिनवाले जंतू मारणारे, पण देण्याआधी विचारायचं, बाई, पूर्वी असल्या इंजेक्शनानं अंगावर पित्त उठलं होतं का, दम लागला होता का? एका सिलिनची ॲलर्जी असेल तर त्या घरातल्या दुसऱ्याचीही भीती धरायची.

मित्रहो, आपल्याला जन्मभर आडनाव विचारलं गेलं ते जात काढायला. औषधाचं आडनाव विचारायचं ते त्याचं काम कळायला. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, हे कवितेत घाल." मी म्हटलं, आधी तुझ्या वहीत घाल.

परत आलो आणि गिरणीतून कोनची फुटकी खोकी आणली. पुठ्ठे पोस्टकार्डाएवढे कापले. प्रत्येकावर पाच रेघा. नाव, कशासाठी, मात्रा, त्रास काय होऊ शकतो, देण्याआधी काय बघायचं. शंभर कार्डं करून पाठवली. ती भरायची आणि रातपाळीच्या सुटीत मला फोनवर वाचून दाखवायची. माझं काम फक्त ऐकायचं आणि मध्येच विचारायचं, 'का?' उदाहरणार्थ डिगॉक्सिन. हृदयाचं औषध, मूळ डिजिटॅलिस जातीच्या झाडाचं. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरनं त्या झाडावर 1785 साली पुस्तक लिहिलं. देण्याआधी काय बघायचं? नाडी, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाची साठाच्या खाली असेल तर द्यायचं नाही, डॉक्टरला कळवायचं. का? कारण ते हृदयाचा वेग आणखी कमी करतं, आणि औषध आणि विष ह्यांतलं अंतर ह्याच्यात फार थोडं. हे 'का' कळलं की ती विसरत नसे. नुसतं पाठ केलेलं घाबरलं की उडून जायचं, समजलेलं राहायचं. दिवसाला पाच औषधं, जास्त नाही, असं तिनं ठरवलं होतं.

हिशोबातही तेच. पाचशे मिलीची सलाइन चार तासांत संपवायची, नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला किती थेंब? ती पहिल्यांदा घाबरून आकडे उलटे टाकायची. मी म्हटलं, साच्यावर सूत किती निघालं ते आम्ही कसं काढतो, तसंच. पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. भागिले. बेचाळीसच्या आसपास. तिचं उत्तर बरोबर आलं की मी पायरीवरून 'जय भीम' ओरडायचो. डॉफर पोरं म्हणायची, ह्याला लॉटरी लागली.

पण कार्डांनी धडधड गेली असं म्हणेन तर खोटं होईल. ती गेली नाही. अभ्यास येत होता तरी वॉर्डाच्या दारात छाती वाजतच होती. तेव्हा तिच्या एका ट्यूटर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. त्या आपल्यातल्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे लिहितो. त्या म्हणाल्या, ह्याला भित्रेपणा म्हणत नाहीत, हा त्रास आहे, ह्याच्यावर उपाय आहे. श्वास घ्यायला शिकवलं, घेण्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावायचा. झोप न मोडता अभ्यास करायला सांगितलं. मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं. ती चार वेळा गेली, बोलून आली. आईला सांगितलं तेव्हा आई घाबरली, "म्हंजे पोरीला येड लागलं का?" तिनंच आईला समजावलं, छातीत कफ झाला तर डॉक्टरकडं जातोस का न्हाई? सरकारनं 2022 सालच्या ऑक्टोबरपासून टेली-मानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे, नंबर 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या वस्तीत भिंतीवर लिहून ठेवा.

एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीतल्या एका मैत्रिणीनं तिला एक गोळी दिली. चांगल्या मनानंच. "ही घे, धडधड थांबती. मी पण घेतो." प्रोप्रॅनोलोल. खरोखर थांबते धडधड, कारण ॲड्रिनॅलिन जिथं जाऊन दार ठोठावतं ते हृदयावरचं दार ती गोळी अडवते. जेम्स ब्लॅक ह्या शास्त्रज्ञाला 1988 साली नोबेल मिळालं त्यात ह्या औषधाचाही वाटा होता. तिनं गोळी हातात घेतली, पाणीही घेतलं. आणि तिला कार्ड आठवलं. शेवटची रेघ, 'देण्याआधी काय बघायचं'. दमा आहे का? ही गोळी श्वासनळ्यांवरचंही दार अडवते. दम्याच्या माणसाला ती जीवावर बेतू शकते.

आमच्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. यंत्रमागाच्या शेडला लागून आमची खोली. उशीवर सकाळी रुईचा थर असायचा.

तिनं गोळी परत दिली. मैत्रिणीलाही सांगितलं, कुणाला विचारून घेतीस ही? मला हे तिनं महिन्याभरानं सांगितलं, सहज. माझ्या हातातला चहा गार झाला.

आता ती वॉर्डातली गोष्ट.

इन्सुलिन तुम्हाला माहीत आहे. आपल्या वस्तीत घराआड एक साखरेवाला आहे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. 1921 साली कॅनडात हे औषध सापडलं आणि 1922 च्या जानेवारीत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलं. त्याआधी त्या पोरांना उपाशी ठेवण्यापलीकडं फारसा उपाय नव्हता. तर आपल्याकडं ह्याच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. एकीत एका मिलीत चाळीस युनिट, दुसरीत एका मिलीत शंभर युनिट. सिरिंजही दोन. चाळीसवालीचं टोपण लाल, शंभरवालीचं नारिंगी. शंभरची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली तर? वीसच्या रेघेपर्यंत ओढलं तर जातील पन्नास. अडीच पट. साखर एकदम खाली. घाम, थरथर, धडधड, मग शुद्ध जाते, आणि लक्षात आलं नाही तर माणूस जातो.

हे कार्ड तिनं मला वाचून दाखवलं तेव्हा मी गिरणीतलं सांगितलं होतं. आमच्याकडंही चाळीस नंबरचं सूत असतं. आठशे चाळीस यार्डांची एक लडी, अशा चाळीस लड्या मिळून एक पौंड, म्हणून चाळीस नंबर. शंभर नंबरचं त्याहून किती तरी बारीक. डोळ्याला दोन्ही पांढरंच. म्हणून प्रत्येक नंबरच्या कोनला वेगळा रंग. रंग चुकला आणि एक कोन दुसऱ्यात गेला तर अख्खं कापड पट्टे पडून बाद. म्हणून आमचा जुना साचेवाला सांगायचा, हात लावायच्या आधी रंग बघ, रंग बघितल्यावर नंबर वाच, शंका आली तर विचार. विचारल्यानं पगार कापत नाहीत, मिसळल्यानं कापतात.

त्या सकाळी वॉर्डात चाळीस रोगी आणि दोन सिस्टर. नाश्त्याच्या आधीची वेळ. सिस्टर धावपळीत होती, तिचाही दोष म्हणणार नाही मी. ती आमच्या बहिणीला म्हणाली, "वीस काढ गं, पटकन, मी आलेच." हिनं बाटली घेतली. लेबलावर शंभर. ट्रेमध्ये सिरिंज, टोपण लाल. नारिंगी संपल्या होत्या.

तिनं मला नंतर सांगितलं, "दादा, त्या वक्ताला सगळं आलं. तोंड सुकलं, हात गार, छाती. मागं पोरी उभ्या होत्या. ते कोट्याचं वाक्य कानात. वाटलं गप्प काढावं आणि द्यावं. सिस्टरला जास्त कळतंय, आपण कोण?"

सिस्टर परत आली. "काढलंस का?"

ही म्हणाली, "सिस्टर, बाटली शंभरची आहे. सिरिंज चाळीसची. एकदा बघता का?" बोलताना आवाज चिरकला. पोरींतली एक हसली.

सिस्टरनं बाटली घेतली. सिरिंज घेतली. उजेडाकडं धरून बघितली. काही बोलली नाही. दुसऱ्या वॉर्डातून नारिंगी टोपणाची मागवली. इन्सुलिन काढलं, हिला रेघ दाखवली, खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांना दिलं. एवढंच. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. बाबांनाही काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "आज नाश्त्याला काय हाय, सिस्टर?" आणि ते हिला विचारलं.

रात्री दोनला फोन आला. मी घाबरून उचलला. ती म्हणाली, "दादा, धडधडत होतं, तरी विचारलं."

मित्रहो, ह्याच्यापुढं माझी वणव्याची कविता मला थोडी फिकी वाटते.

1919 साली शाहू महाराजांनी आमच्या करवीर संस्थानात हुकूम काढला होता. सरकारी दवाखान्यात आलेल्या अस्पृश्य रोग्याला इतरांसारखंच वागवा, ज्याला ते नको असेल त्यानं राजीनामा द्यावा. म्हणजे त्याआधी आपला रोगी पायरीवरच राहत होता. आणि 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्यांनाही प्लेग झाला, 10 मार्चला त्या गेल्या. पाठीवरचं ते पोर आपलं होतं. आज आपली पोरगी त्याच पुण्यात खाटेच्या ह्या बाजूला उभी आहे, हातात सिरिंज घेऊन. तिचा हात कापतो ह्याची लाज वाटायचं कारण नाही. हात कापला तरी तिनं रंग बघितला.

ती पहिल्या वर्षी पास झाली. पहिली आली नाही, मधल्यांत आली. शिष्यवृत्तीचा हप्ता अजून यायचाय. धडधड अजून येते, पण ती म्हणते, "आली की मी तिला वळखतो."

आणि आईचं सांगायचं राहिलं. आई आठ वर्षं रक्तदाबाची एक छोटी पांढरी गोळी घेते. पाय सुजायचे, आई म्हणायची, उभं राहून सुजत्यात. दिवाळीत बहीण आली, गोळीचं पाकीट बघितलं. ॲम्लोडिपिन. कार्ड काढलं. चौथ्या रेघेवर लिहिलेलं, घोट्याला सूज येऊ शकते. म्हणाली, "आई, गोळी मनानं बंद करू नको. पण डॉक्टरला विचार." आई म्हणाली, "मी कसं विचारू?" अकरा वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, पण डॉक्टरला प्रश्न कधी विचारलेला नाही. फरशी ओली आहे का, एवढंच विचारलेलं.

पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात गेली. मी बाहेर उभा होतो. आत तिचा आवाज ऐकला, "साहेब, ह्या गोळीनं पाय सुजत्यात का?" थोडा वेळ शांतता. मग डॉक्टर म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला?" आई म्हणाली, "माझी पोरगी सिस्टर व्हायलीय." त्यांनी पाय बघितले, गोळी बदलून दिली.

आपल्या अभ्यासवर्गात आपण संविधान वाचतो, धम्म वाचतो. वाचलंच पाहिजे. पण वस्तीत नर्सिंगला, लॅबला, फार्मसीला लागलेल्या पोरी-पोरं असतील तर रविवारी एक कोपरा त्यांना द्या. इंग्रजी येत नसलं तरी चालतं, मलाही येत नाही. समोर बसायचं, कार्ड हातात घ्यायचं आणि 'का?' विचारायचं. आणि कुणी म्हणालं की मला भीती वाटते, तर भाषण करू नका. मी करून बसलोय.

पुठ्ठे माझ्याकडं आहेत. गिरणीत फुटकी खोकी रोज रद्दीत जातात. ज्यांना हवेत त्यांनी निरोप द्या, कापून पाठवतो.